कुंडल रोडला उतरलेला कारखाना

सुरुवात आमच्या फजितीपासून करते.

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या चौघांच्या ग्रुपने पंपाचा टेस्ट रिग बनवायचं ठरवलं. अँगलची फ्रेम, तिच्यावर मोटर, पंप, टाकी आणि व्ही-नॉच. कॅल्क्युलेशन झालं, ड्रॉइंग शीटवर सरांची सही झाली. पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये खपून वेल्डिंग केलं, ग्राइंडिंग केलं, वरून हिरवा ऑइलपेंट मारला. ओरलला दोन दिवस उरले असताना रिग लॅबमध्ये न्यायला मेसमधून चहाच्या बोलीवर आठ मुलं गोळा केली. आणि आमचा रिग लॅबच्या दारात अडकला! फ्रेम साडेतीन फूट, दार सव्वातीन. मोटर बसवलेली असल्याने आडवा करता येईना, तिरका केला तर टाकीचा पाईप चौकटीला लागे. अर्धा तास सगळ्या कॉलेजने आमची गंमत बघितली. शेवटी रिग पुन्हा वर्कशॉपात गेला, फ्रेम कापली आणि रात्री उशिरापर्यंत बसून तिथे नट-बोल्टचे जॉइंट केले.

सर रागावले नाहीत. जागेवर न पोचलेल्या मशीनला मशीन म्हणत नाहीत, भंगार म्हणतात, एवढंच बोलून निघून गेले. वर्कशॉपातले मामा पलूसकडचे. ते मात्र गालात हसत होते. त्यांचं म्हणणं असं, की आमच्याकडे लक्ष्मणरावांनी बेळगावहून अख्खा कारखाना आणून माळावर उतरवला, आणि तुम्हाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फ्रेम नेता येईना!

कोण लक्ष्मणराव, असं मी विचारलं. मामा माझ्याकडे बघतच राहिले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. जेम्स वॅट, स्टीफन्सन, हेन्री फोर्ड यांच्यावरचे एसे मला पाठ होते. किर्लोस्कर म्हणजे माझ्या लेखी विहिरीवरचा पंप. ते एका माणसाचं आडनाव आहे आणि ज्या लाईनवरून मी शंभर वेळा सातारा-सांगली केलं त्याच लाईनवर त्या माणसाने गाव वसवलं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली. मग लायब्ररीत बसून जे वाचलं आणि मामांकडून जे ऐकलं, ते इथे माझ्या भाषेत सांगते. शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घर वेदान्ताचं, आणि मुलाचं लक्ष मात्र चित्रं काढण्यात आणि मोडतोड करून वस्तू परत जोडण्यात. शाळेत मन रमेना. शेवटी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, थोरल्या भावाच्या आधाराने, १८८५ साली ते मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांनी लक्षात आलं, की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार व्हायला निघालेला मुलगा आणि डोळे रंग ओळखायला तयार नाहीत! आपल्यापैकी एखाद्याने अशा वेळी बॅग भरून गाव गाठलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. यंत्रांची पुस्तकं वाचायची आणि तिथल्या वर्कशॉपात यंत्रं खोलून बघायची, हीच त्यांची डिग्री. ज्या माणसाच्या नावाने आपण कॅम्पस इंटरव्ह्यूला रांगा लावतो, त्याच्याकडे इंजिनियरिंगची पदवी नव्हती, हे सबमिशनच्या आठवड्यात आठवायला छान वाटतं.

त्याच काळात त्यांनी एक जोडधंदा सुरू केला. सायकल तेव्हा नवलाईची आणि महागडी चीज होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे. तिकडे थोरले बंधू रामूअण्णा त्या उतरवून घ्यायचे, विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव १८८८ पासून सांगितलं जातं ते बेळगावच्या याच धंद्यावरून. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. एक भाऊ माल पाठवणार, दुसरा भाऊ तो घेणार, आणि माल पोचल्यावर गिऱ्हाईक त्याच्यावर बसून पेडल मारेपर्यंत काम संपलं असं समजायचं नाही. पुढे नांगर आणि पंप विकताना त्यांनी हेच केलं.

१८९७ साली बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेण्यात आलं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे आले. सायकलीच्या दुकानातून छोटं वर्कशॉप झालं, आणि त्या वर्कशॉपात कडबा कापायचं यंत्र तयार झालं. १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. तोपर्यंत इकडे येणारा लोखंडी नांगर विलायतेहून बोटीने यायचा आणि तो सगळ्यांना परवडण्यातला नव्हता.

नांगर तयार झाला, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं असा लोकांचा समज होता. लाकडी नांगर बापजाद्यांपासूनचा, गावातला सुतार दुरुस्त करून देणारा. हे लोखंडाचं धूड मोडलं तर कुठे जायचं? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. विचार करा, दोन वर्षं तयार माल डोळ्यांसमोर पडून! आपल्याला एक असाइनमेंट परत आली तर जेवण जात नाही.

हळूहळू विक्री सुरू झाली, जरा जम बसतोय म्हणेपर्यंत नोटीस आली. वर्कशॉप होतं त्या ठळकवाडीच्या भागात नगरपालिकेला शहराची नवी वस्ती वसवायची होती. कारखाना हलवा, असा हुकूम झाला.

घर हलवायचं म्हटलं तर टेम्पो बोलावतात. वर्कशॉप हलवायचं म्हणजे काय, हे मला आमच्या त्या दारातल्या अर्ध्या तासाने थोडंसं शिकवलं. त्या काळच्या वर्कशॉपात प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. एका इंजिनावर लांब शाफ्ट फिरायचा, त्यावरच्या पुल्यांवरून पट्टे खाली येऊन लेथ आणि ड्रिल चालवायचे. म्हणजे एक लेथ उचलला की त्याच्यामागे शाफ्ट, बेअरिंगचे ब्रॅकेट, पुल्या, पट्टे, सगळं सोडवावं लागणार. कुठली पुली कुठल्या मशीनची याच्या खुणा केल्या नाहीत तर नव्या जागी नुसतं कोडं उरणार. लेथचा बेड हा ओतीव लोखंडाचा अखंड तुकडा. उचलताना चुकीच्या जागी साखळी बांधली की पीळ पडतो आणि मग त्या लेथवर सरळ काही कातलं जात नाही. ओतकामाची भट्टी तर नेताच येत नाही. आतलं विटांचं अस्तर फोडून बाहेरचं पत्र्याचं नळकांडं तेवढं घेऊन जायचं आणि तिकडे नव्याने अस्तर करायचं. लाकडी पॅटर्न वजनाला हलके, पण त्यांना ओल लागली तर फुगतात, आणि एक पॅटर्न बिघडला की त्यावरून निघणारा प्रत्येक नांगर बिघडतो.

आणि हे सगळं करताना कारखाना बंद! मालाची विक्री नाही, कामगारांचे पगार मात्र सुरू, डोक्यावर कर्ज. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा चाळिशीला आलेलं. धंदा कायमचा बसायला याहून जास्त कशाची गरज नसते.

याच सुमारास औंधच्या बांधकामाच्या कामामुळे त्यांचा औंध संस्थानशी संबंध होता. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे मोठे शौकीन. औंधचं आज आपण ट्रिपला जाऊन बघतो ते म्युझियम त्यांनीच उभारलेलं. रंग न दिसणारा यंत्रकार आणि रंगात रमणारा राजा यांची चांगली मैत्री होती. बाळासाहेबांना अडचण कळल्यावर त्यांनी कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० सालचे दहा हजार!

आता इथे नकाशा उघडा. औंध संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हताच. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात, मध्ये दुसऱ्यांची हद्द. राजधानी औंधची. राजाच्या नजरेसमोर, वाड्याजवळ कारखाना टाकणं कोणालाही आवडलं असतं. पण औंधला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन रहिमतपूर, तिथून पुढे सगळी बैलगाडी. कारखाना उभा राहिला तो कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर माळावर. तिथे काय होतं? निवडुंग, दगडधोंडे आणि साप. पिण्याच्या पाण्याची बोंब. जमीन म्हणून बघितली तर कोणी फुकट दिली तरी घेणार नाही. स्टेशन म्हणून बघितली तर सोनं.

कारण बेळगाव आणि कुंडल रोड ही दोन्ही स्टेशनं तेव्हाच्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या एकाच मीटर गेज लाईनवर होती. बेळगावात वॅगनमध्ये चढवलेलं मशीन मिरजेवरून थेट कुंडल रोडला. वाटेत डबा बदलायचा नाही, एकदा चढवायचं आणि एकदा उतरवायचं. जड मालाच्या बाबतीत अंतराला कोणी घाबरत नाही. वॅगन शंभर किलोमीटर गेली काय आणि दोनशे गेली काय, मशीन आत गप्प बसलेलं असतं. भीती असते ती चढवण्या-उतरवण्याची. मशीन पडतं, हात सापडतो, कास्टिंगला तडा जातो, तो तेव्हाच. स्टेशन आणि कारखाना यांच्यात बैलगाडीचा एक छोटा टप्पा उरला, तोही कमीत कमी. आमच्या इंडस्ट्रियल इंजिनियरिंगच्या पेपरात 'प्लांट लोकेशन'वर दहा मार्कांचा प्रश्न हमखास येतो. आठ मुद्दे लिहायचे आणि फॅक्टर रेटिंगचा तक्ता काढायचा. लक्ष्मणरावांनी तो पेपर एका माळावर उभं राहून सोडवला.

१० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीच्या स्थापनेची तारीख मानतात. मार्च म्हणजे पावसाळ्याला जेमतेम तीन महिने. तेवढ्यात मशीनवर छप्पर यायला हवं, पट्टे आणि पॅटर्न कोरड्यात जायला हवेत. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं. क्रेन वगैरे नाही. जड मशीन हलवायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे खाली ओंडके किंवा रूळ, मागे पहारी, पुढे दोर, आणि सगळ्यांचा एक सूर लागावा म्हणून हैय्या! मागचा रूळ मोकळा झाला की उचलून पुढे टाकायचा. आजही आमच्या वर्कशॉपात चेन ब्लॉक बिघडला की मामा हेच करतात. वॅगन मालधक्क्यावर जास्त वेळ ठेवली तर रेल्वे डेमरेज लावते, म्हणून उतरवायची घाई, आणि घाई केली तर मशीन गेलं. म्हणजे कुठली वस्तू आधी यायला हवी हे निघायच्या आधीच ठरलेलं पाहिजे. लेथ आधी आला आणि त्याच्या पायाचा काँक्रीट ओतलेलाच नसला, तर लेथ उन्हात बसून राहणार. जागा, पाया, छप्पर, मग मशीन, मग शाफ्ट, मग पट्टा. आमच्या ग्रुपने नेमकं उलटं केलं होतं. मशीन आधी, दार मागून!

या सगळ्याचा भार एकट्या लक्ष्मणरावांवर नव्हता. वस्तीची आखणी, रस्ते, पाणी, सोयी हे खातं रामूअण्णांकडे. जुनी जोडी पुन्हा कामाला लागली: एक भाऊ यंत्राकडे बघतोय, दुसरा ते जिथे बसणार त्या जागेकडे. शंभुराव जांभेकरांसारखे सहकारी यंत्रं आणि इंजिनं सांभाळत. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि बाकीच्या बायका त्या निवडुंगात संसार मांडून होत्या. इतिहासात मशीनची नावं येतात, पण माळावर पहिल्या रात्री भाकरी कोणी थापली, ते क्वचितच येतं. मला तरी वाटतं, की त्या पंचवीस घरांतल्या बायका तिथे टिकल्या नसत्या तर मशीनं उतरवून काही उपयोग नव्हता. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. उघड्यावर पडलेल्या मालाची राखण करायला त्यांनी गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमलं, आणि त्यांनी ती राखण इमानाने केली. १९१० च्या सुमाराला हे करणं सोपं नव्हतं. आजही कितीजण करतील?

कारखाना आला, पण कारखान्याचं पोट रोज भरावं लागतं. ओतकामाला कच्चं लोखंड हवं, दगडी कोळसा हवा. दोन्ही लांबून येणार. त्यातही एक गंमत होती. मुंबईकडून पुण्यापर्यंतची लाईन ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटरची. पुण्याच्या पुढे मिरजेकडे मीटर गेज, नावाप्रमाणे १००० मिलिमीटर. म्हणजे मुंबई बाजूने येणारा प्रत्येक टन पुण्यात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. आपली ही लाईन ब्रॉड गेज झाली ती १९७१ च्या सुमाराला. तोवर साठ वर्षं वाडीच्या मालाने हा दुहेरी खर्च सोसला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा विलायती नांगर यायचे बंद झाले. किर्लोस्करांच्या नांगराला एकदम मागणी! पण त्याच युद्धामुळे लोखंड मिळेना, आणि रेल्वेचे डबे सैन्याच्या कामाला लागले. मागणी आहे, कामगार आहेत, भट्टी आहे, पण ओतायला काही नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी झालेल्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. शेतकऱ्याच्या नांगरासाठी तोफ वितळवायची ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते. पण एका मेकॅनिकलवाल्याच्या नजरेने बघा. जुनी तोफ म्हणजे कित्येक माणसांना न हलणारा एकच अखंड तुकडा. लेथ सुटा करून नेता येतो, तोफेचे नट-बोल्ट खोलता येत नाहीत. ती गाडीवर चढवायची, तिच्या वजनाने आख मोडणार नाही असं बघायचं, कारखान्यात आल्यावर भट्टीच्या तोंडात मावतील एवढे तुकडे करायचे. देणारा राजा मोठा होताच, पण ते दान भट्टीपर्यंत पोचवणारे हातही होते. त्यांची नावं कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत, म्हणून इथे निदान त्यांची आठवण काढते.

आता मालाची दुसरी बाजू. कारखान्यात येणारा माल एका जागी येतो, जाणारा माल हजार गावांना जातो. नांगर घेणारा शेतकरी कुठल्यातरी स्टेशनवर बैलगाडी घेऊन येणार, तिथून आपल्या गावी नेणार. फाळ झिजला तर तसाच दुसरा फाळ त्याला मिळायला हवा, आणि तो त्याच्या नांगराला तंतोतंत बसायला हवा. नाहीतर सुताराचा लाकडी नांगरच बरा, असं तो म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. म्हणून सगळे भाग एकसारखे, सुटे करता येणारे, कुठेही जोडता येणारे. इंटरचेंजेबिलिटी हा शब्द आपण मेट्रोलॉजीमध्ये लिमिट-फिट-टॉलरन्सच्या आकृत्यांत शिकतो. मला आता तो कुठल्यातरी गावात, पेरणीच्या तोंडावर, मोडका फाळ हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यासकट आठवतो. वाडीतून लोकांपर्यंत नुसता मालच गेला नाही. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून निघालेलं ते पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्राच्या घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं.

याच लाईनवरची आणखी दोन नावं सांगते. कराड स्टेशनला उतरलं की ओगलेवाडी. ओगले बंधूंचा काचेचा कारखाना तिथे १९१६ साली उभा राहिला, त्यालाही औंधच्या बाळासाहेबांचाच आधार. 'प्रभाकर' कंदील तिथलाच. आणि वर सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना, तोही लोखंडी नांगराचाच. काच फुटणारी, लोखंड जड. दोघांनाही धक्का नको आणि हमाली नको. म्हणून दोघंही स्टेशनच्या कुशीत. पुढच्या वेळी पॅसेंजरच्या खिडकीत बसाल तेव्हा झोपू नका. सातारा ते सांगली ही अख्खी लाईन म्हणजे कारखाना कुठे काढावा याचा एक धडा आहे.

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. नांगरामागून उसाचे चरक आले, पंप आले, लोखंडी फर्निचर आलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये इंजिनियरिंग शिकून १९२६ साली परत आला आणि वाडीत कामाला लागला. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला. हरिहरही रेल्वेच्या वाटेवर, तुंगभद्रेकाठी. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनं, बंगलोरला इलेक्ट्रिक मोटारी. आणि मग १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर आपल्या भागात ज्या दंगली उसळल्या, त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. एकेक रूळ पुढे सरकवत उतरवलेला कारखाना! लक्ष्मणराव तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेलेले. त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले तेव्हा त्यांचं गाव आणि त्यांचे पंप दोन्ही चालू होते. औंध संस्थान मात्र उरलं नव्हतं. कुंडलचा तो भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० पासून त्या जिल्ह्याला आपण सांगली म्हणतो. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव तर कधीच किर्लोस्करवाडी झालं होतं. ज्या स्टेशनसाठी माळ निवडला त्या स्टेशनने शेवटी माळाचंच नाव घेतलं!

ओरल संपल्यावर घरी जाताना मी मुद्दाम किर्लोस्करवाडीला उतरले. पुढची गाडी दोन तासांनी होती. स्टेशनवर बघण्यासारखं खास काही नाही. फलाट, लिंबाची झाडं, चहावाला. पण मी मालाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि पावलं मोजत बसले, की वॅगन इथे लागली असेल तर गाडी कुठे लावली असेल, उतार कुठल्या बाजूला आहे, पावसात चिखल कुठे होत असेल. चहावाल्याला वाटलं माझं काहीतरी हरवलंय!

बाहेर रस्त्यावर एक लांबलचक ट्रेलर उभा होता, त्याच्यावर ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी मोठं धूड. एक माणूस हातात उंच काठी घेऊन वरच्या विजेच्या तारा आणि लोडचा माथा यांच्यातलं अंतर बघत होता. दुसरा वळणावर खडूने खूण करत होता. आता वॅगनच्या जागी ट्रेलर आलाय, बैलांच्या जागी पुलर आलाय, पण प्रश्न तेच आहेत. पूल वजन पेलेल का? वळण बसेल का? पोचल्यावर पाया तयार असेल का? त्या काठीवाल्या माणसाकडे बघून मला आमच्या लॅबचं सव्वातीन फुटांचं दार आठवलं. आमच्या चौघांपैकी एकानेही ते टेपने मोजलं नव्हतं.

आपण सगळे डिझाइनच्या मागे लागतो. प्लेसमेंटमध्येही डिझाइन हवं, लॉजिस्टिक्स म्हटलं की तोंड वाकडं. मीही त्यातलीच होते. पण लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून मी स्वतःपुरतं एक घेतलंय. वस्तू बनवली म्हणजे अर्धं काम झालं. ती ज्याला हवी त्याच्या हातात पोचली, तिथे बसली, चालली आणि मोडल्यावर दुरुस्त करता आली, की उरलेलं अर्धं. सायकलीपासून नांगरापर्यंत त्यांनी हे उरलेलं अर्धं कधी दुसऱ्यावर ढकललं नाही.

जाता जाता आमच्या रिगचं सांगते. कापून बोल्टने जोडलेली फ्रेम दोन भागांत लॅबमध्ये गेली, वीस मिनिटांत जोडली, आणि पंप पहिल्या झटक्यात सुरू झाला. सरांनी बोल्टेड जॉइंटचं कौतुक केलं. तो पहिल्यापासून डिझाइनमध्येच होता, असं आमच्यातल्या एकाने ठोकून दिलं. मामा मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त खिशातून टेप काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

(टी. ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल)